आऊटपासवरचे बर्गी

फौजेत बदलीचा हुकूम हातात पडला की माणूस नकाशा काढतो आणि दोन गोष्टी बघतो. तिथून घरी यायला किती गाड्या बदलाव्या लागतील, आणि जवळपास एखादं मोठं शहर आहे का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा वाईटच निघतं, म्हणून सगळी भिस्त दुसऱ्यावर. वाळवंटात पडलेल्याचा रविवार हा उशिरा उठायचा सोमवार असतो. शहराजवळचं स्टेशन मिळालेल्याकडे मात्र बाकीची बिलेट अशा नजरेनं बघते, की याचा सख्खा मामा हेडक्वार्टरात बसलेला असणार.

माझा मामा कराडला गुळाच्या अडतीवर बसायचा. तरीही 1985च्या सुमारास मला बराकपूर मिळालं.

बराकपूर म्हणजे कलकत्त्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठावरची छावणी. देशातल्या सगळ्यात जुन्या छावण्यांत तिची गणना होते. 29 मार्च 1857ला मंगल पांडेनं बंदूक उचलली ती इथेच. आमचे वॉरंट ऑफिसर नव्या पोरांना फॉलिनमध्ये उभं करून सांगायचे, "इथल्या शिस्तीला दोनशे वर्षांची परंपरा आहे." मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच पुटपुटायचं, "आणि ती मोडण्यालाही." त्या कुणीतरीला मग संध्याकाळी गार्ड ड्यूटी लागायची. परंपरा दोन्ही बाजूंनी नीट जपली जात होती.

मी एअरफ्रेम फिटर. आठवडाभर हेलिकॉप्टरच्या पोटाखाली उताणं पडून नट आवळायचे, आणि रविवारी कलकत्ता. पण या दोहोंच्या मध्ये गार्डरूमचा आरसा होता. पुरुषभर उंचीचा, वर इंग्रजीत प्रश्न रंगवलेला : माझा पोशाख ठीक आहे का? प्रश्न आपण आरशाला विचारायचा आणि उत्तर शेजारी उभ्या असलेल्या सार्जंटनं द्यायचं, अशी व्यवस्था. शर्ट खोचलेला हवा, बुटाला पॉलिश हवं, दाढी त्याच सकाळची हवी आणि केस इतके बारीक, की मागून बघणाऱ्याला डोक्याआधी मान दिसावी. थोडक्यात, कपडे सिव्हिल घालायचे पण दिसायचं फौजीच. रजिस्टरात नाव लिहायचं, रात्री दहाच्या आत परत येतो म्हणून सही ठोकायची, की आऊटपास खिशात.

त्या काळी कलकत्त्यातला तरुण म्हणजे वाढलेली दाढी, चुरगळलेला कुर्ता आणि खांद्याला झोळी. त्या गर्दीत आमच्या चौघांच्या चार तासलेल्या माना. वर चालण्याची पंचाईत. चौरंगीवरून गप्पा मारत निघालो, की दहाव्या पावलाला आमचे पाय आपोआप जुळायचे. डावा, उजवा, डावा. कुणाच्या लक्षात आलं की तो मुद्दाम पाऊल चुकवायचा. उरलेले तिघं दोन ढांगांत त्याच्याशी जुळवून घ्यायचे. न्यू मार्केटचे फेरीवाले लांबूनच ओरडायचे, "आसुन, मिलिटारीदादा!" आणि हातातल्या बनियनचा भाव वाढवायचे. फौजी माणूस घासाघीस करत नाही, अशी तिथे समजूत होती. आमच्यातला सांगलीकर ती समजूत दर रविवारी खोटी पाडायचा आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा ताजी असायची.

शहरात जायला सियालदाची लोकल. पाऊण तासाची वाट, पण त्या पाऊण तासात अख्खा बाजार डब्यातून फिरून जायचा. टिटागढ, खडदह, सोदपूर, आगरपाडा. जसजशी गर्दी चढे, तसतसे विक्रेतेही वाढत. डब्यात वाऱ्याला शिरायला जागा नसायची, पण झालमुडीवाल्याला असायची. त्याच्या गळ्यात पत्र्याची परात अडकवलेली, तीत गोल बसवलेले डबे. कुणाच्या काखेखालून, कुणाच्या छत्रीवरून तो परातीसकट सरकत यायचा. मग एका रिकाम्या डब्यात मुडी म्हणजे आपले चुरमुरे, कांदा, उकडलेला बटाटा, मिरची, चनाचूर. बाटलीच्या बुचाला पाडलेल्या भोकातून कच्च्या मोहरीच्या तेलाची धार. आणि चमच्यानं असा काही खडखडाट, की झोपलेले दोघं-तिघं दचकून आपलं स्टेशन आलं म्हणून उतरायला निघत. शेवटी वर्तमानपत्राच्या पुडीत ते सगळं भरून वर खोबऱ्याची लांब पातळ काप खोचायची. ते तेल पहिल्या घासाला थेट मेंदूत जातं. डोळ्यांतून पाणी येतं. समोरचा बंगाली गृहस्थ मायेनं विचारतो, "भालो?" मान हलवण्यापलीकडे आपल्या हातात काही उरलेलं नसतं.

दमदम यायच्या आत पुडी संपवायची, असा आमचा नेम. दमदमच्या कारखान्यातल्या गोळ्यांनी एकेकाळी जगात नाव काढलं होतं. आम्हाला तिथे फक्त चढणाऱ्यांचे कोपर लागायचे, पण त्या गोळ्यांची कल्पना येण्याइतके ते पुरेसे होते.

सियालदाला उतरून बाहेरचा रुंद रस्ता ओलांडला की कलकत्ता सुरू. हा रस्ता आम्ही कित्येक रविवार ओलांडला आणि मग एका बंगाली कॉर्पोरलनं सांगितलं, की बाबांनो, तुम्ही काय ओलांडताय ठाऊक आहे का? 1742मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या, तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचं नावच मराठा डिच. खंदक अर्धवट राहिला, मराठे काही त्याच्यापर्यंत आले नाहीत, पुढे तो बुजवला आणि त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला. सियालदा त्याच रस्त्यावर. म्हणजे रघुजी भोसल्यांच्या घोड्यांना जे साधलं नाही, ते आम्ही परतीच्या तिकिटावर दर आठवड्याला करत होतो. सांगलीकरानं तेव्हापासून तो रस्ता छाती काढून ओलांडायला सुरुवात केली. एकदा ट्रामच्या घंटेनं त्याची छाती आत घातली.

या कॉर्पोरलचं घर शामनगरला. एका रविवारी त्यानं मला जेवायला नेलं. घरात त्याची आजी होती, पांढऱ्या थानाच्या साडीतली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बंगालमध्ये तान्ह्या पोरांना झोपवायच्या गाण्यात अजून आमचे भोसले येतात. पोरं झोपली, गाव चिडीचूप झालं, देशात बर्गी, म्हणजे मराठे घोडेस्वार, आले, आता खंडणी द्यायची कुठून, अशी त्या गाण्यातली काळजी. या आजीनं ते गाणं म्हणून आधी मुलं झोपवली होती, मग नातवंडं. नातू म्हणाला, "ठाकुमा, हा महाराष्ट्राचा." आजी हातातला पंखा थांबवून माझ्याकडे बघत राहिली. डोक्यापासून पायापर्यंत एकदा, पायापासून डोक्यापर्यंत एकदा. तेव्हा मी इतका किडकिडीत होतो, की मेडिकलमध्ये वजनासाठी आधी केळी खाऊन गेलो होतो. मग ती नातवाकडे वळून म्हणाली, "बोर्गी म्हणजे हा? याची भीती घालून मी तुला झोपवत होते?"

त्यानंतर माझ्या पानात जो भात पडायला लागला, तो थांबेचना. डाळ, वांग्याची भाजी, रुईचं कालवण, टोमॅटोची चटणी, पुन्हा भात. पुढच्या पिढीला भीती घालायची तर बर्गी जरा अंगानं भरलेला हवा, असा तिचा हिशेब असावा.

मासे खाण्यात आमच्या बिलेटमधला मालवणी मात्र पहिल्या दिवसापासून फुरंगटलेला होता. नदीचा मासा हा मासाच नव्हे, हे त्याचं मत. समुद्राचा मासा हा मासाच नव्हे, हे अख्ख्या बंगालचं मत. मेसमधल्या बंगाली कुकशी त्याचा यावर रोज वाद. कुक हिंदीत, हा मालवणीत. "गोड्या पाण्यातला खाणा म्हणजे विहिरीत गळ टाकण्यासारखा," असं तो म्हणायचा. मग पावसाळा आला, बाजारात इलिश आली. कुणीतरी आग्रह करून त्याला मोहरीच्या वाटणात शिजवलेला तुकडा खायला घातला. इलिशच्या काट्यांपुढे भलेभले हात टेकतात. याचं तोंड एका बाजूनं काटे सोडत होतं आणि दुसऱ्या बाजूनं शिव्या. तुकडा संपला तसा म्हणाला, "हा नदीचा नाहीच. ही समुद्रातून नदीत येते." ते खरंच आहे, इलिश अंडी घालायला समुद्रातून वर चढते. कुक म्हणाला, "बघ, आमच्या नदीत यावंसं वाटतं तिला." वाद मिटला असं नाही, पण त्यानंतर दोघांनी एकमेकांना माशाची डोकी देऊन बोलणं सुरू ठेवलं.

शहरात भटकायचं तर ट्राम. दोन डबे. पुढचा पहिल्या वर्गाचा, त्यात पंखे. मागचा दुसऱ्या वर्गाचा, काही पैशांनी स्वस्त, त्यात कलकत्त्याची हवा. एस्प्लनेडहून खिदिरपूरची ट्राम मैदानातल्या झाडांतून जायची. त्या वाटेवर आम्ही काहीही काम नसताना जायचो आणि काहीही न करता परत यायचो. कंडक्टर बोटांत तिकिटांच्या गड्ड्या अडकवून यायचा, "कुठे जायचंय?" म्हणून विचारायचा. "जिथे जाते तिथे," असं सांगितलं की तो अजिबात चकित व्हायचा नाही. त्या शहरात असे प्रवासी त्याला रोज भेटत असणार.

मेट्रोची तर तेव्हा नवलाई. देशातली पहिली भुयारी रेल्वे, 24 ऑक्टोबर 1984ला सुरू झालेली, एस्प्लनेड ते भवानीपूर, 3.4 किलोमीटर. महिन्याभरात दमदम ते बेलगाछिया असा आणखी एक तुकडा सुरू झाला. मधली जागा वर्षानुवर्षं खणलेलीच. म्हणजे मेट्रो दमदमला तुम्हाला प्रेमानं आत घ्यायची आणि बेलगाछियाला आणून सोडायची. पुढचं तुमचं तुम्ही बघा. लोक तिच्यातून कुठे जाण्यासाठी बसतच नव्हते. आजोबा नातवंडांना घेऊन, नवी जोडपी ठेवणीतले कपडे घालून भवानीपूरपर्यंत जायची आणि परत यायची. वर रस्त्यावर जो माणूस पानाची पिंक कुठेही टाकायचा, तोच खाली प्लॅटफॉर्मवर हात बांधून, पाय जुळवून उभा. आमच्या वॉरंट ऑफिसरना एकदा हे दाखवायला न्यावं असं फार वाटायचं. पोरांना दोन वर्षं ओरडून जे शिकवता येत नाही, ते इथे एका जिन्यानं शिकवलं होतं.

कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसमध्ये आम्ही गेलो ते निव्वळ पंख्याखाली बसायला. उंच छताचा हॉल, वर सज्जा, पांढऱ्या तुरेवाल्या फेट्यातले वेटर आणि सिगारेटचा धूर. बिनदुधाच्या कॉफीला तिथे इन्फ्युजन म्हणतात आणि एका इन्फ्युजनवर चार माणसं तीन तास जगाचं भवितव्य ठरवतात. जागा नव्हती म्हणून आम्ही एका दाढीवाल्या टोळक्याच्या टेबलाला खुर्च्या लावल्या. माझी मान बघून एकानं ओळखलं. मग प्रश्न सुरू : राज्यसत्तेचं हत्यार असल्याची जाणीव मला होते का? माझ्या श्रमावर मालकी कुणाची? मी म्हटलं, "मी नट आवळतो." तो म्हणाला, "तेच तर!" मला कळेना, तेच तर म्हणजे काय. पण त्यांना फार आनंद झाला आणि पुढचा तासभर माझ्या नटांवर चर्चा चालली. शेवटी बिल आलं तेव्हा सगळे वर पंख्याकडे बघायला लागले. बिल राज्यसत्तेच्या हत्यारानं भरलं.

फुटबॉलला मात्र पैसे वसूल. पावसाळ्यात मैदानावर लीगचे सामने. लाकडी गॅलरी, खाली चिखल, डोक्यावर छत्र्या. त्यामुळे गोल झाला तो तिसऱ्या रांगेच्या मागच्यांना नंतर कळायचा. बसायच्या आधी शेजारी विचारणार, "घोटी ना बांगाल?" म्हणजे मूळचे इकडचे की पूर्व बंगालातून आलेले? घोटी असाल तर मोहन बागान आणि कोळंबी. बांगाल असाल तर ईस्ट बंगाल आणि इलिश. यात तिसरा पर्याय नाही. एकदा मी म्हणून टाकलं, "बोर्गी." क्षणभर शांतता. मग आजूबाजूच्या घोटी-बांगाल सगळ्यांनी मिळून असा हशा केला, की खेळाडू वर बघायला लागले. त्या दोन पक्षांचं आयुष्यात एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

शेजारचे एक वयस्क गृहस्थ मला 1911चा आयएफए शिल्ड फायनल सांगायला लागले. 29 जुलै. मोहन बागानची अकरापैकी दहा माणसं अनवाणी, समोर बूट घातलेली गोऱ्यांची ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, आणि निकाल 2-1. सांगताना ते स्वतःच चिखलात असल्याचा भास होत होता. वयाचा हिशेब केला तर त्यांचा तेव्हा जन्मही झालेला नसणार. शेवटी माझ्या मानेकडे बघून म्हणाले, "फौजेची टीम होती, बरं का." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण मी आपले बूट बाकाखाली सारले.

गणपतीत मराठी पोरांचा मोर्चा हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासाकडे वळायचा. भक्ती होतीच, पण वरणभाताची ओढ जास्त. महिनोन्‌महिने मेसची डाळ खाल्लेल्या माणसाला साधं वरण, वर तूप आणि लिंबाची फोड दिसली की आरतीत सूर आपोआप लागतो. तिथल्या काकू पंगतीत वाढता वाढता चौकशा करायच्या. "कुठले म्हणायचे तुम्ही?" कराडकडचे. "शेती?" आहे थोडी. "पगार?" सांगितला. "अजून एक पोळी घ्या हो, संकोच करू नका," म्हणत काकू पुढच्या पानाकडे सरकायच्या. पोळी मिळाली, पण स्थळ म्हणून आपण तिथेच नापास झालो, हे कळायला बंगाली यावं लागत नव्हतं.

पैसे नसलेल्या रविवारी नदी. बराकपूरच्या धोबी घाटावरून होडीनं पलीकडे श्रीरामपूर. घरी पत्रात लिहिलं, "काल श्रीरामपूरला जाऊन आलो." वडिलांचं उलट टपाली उत्तर : इतक्या जवळ नगर जिल्ह्यात येऊन घरी आला नाहीस, आईनं दोन दिवस अन्न सोडलंय. त्यांना दुसरं श्रीरामपूर समजावताना मला एका अख्ख्या आंतर्देशीय पत्राचा खर्च आला. हे श्रीरामपूर एकेकाळी डॅनिश लोकांचं होतं; 1845मध्ये त्यांनी ते इंग्रजांना विकलं. कंपनी सरकार मिशनऱ्यांना थारा देईना म्हणून विल्यम कॅरी इथे डॅनिश झेंड्याखाली येऊन राहिला. मूळचा चांभारकाम करणारा माणूस. त्यानं वैजनाथ पंडितांच्या मदतीनं 1805मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810मध्ये मोडी टाइपातला कोश. पुण्या-मुंबईत मराठी छापखान्याचा पत्ता नव्हता तेव्हा आपलं व्याकरण आमच्या बिलेटच्या समोर, नदीपलीकडे तयार होत होतं. मालवणी हे ऐकून म्हणाला, "म्हणूनच त्यात मालवणी नाही."

अशा रविवारांचा हिशेब पुढच्या पे परेडला लागायचा. 1751च्या तहात बंगालच्या नवाब अलिवर्दीखानानं मराठ्यांना सालीना 12 लाख रुपये चौथाई कबूल केली होती. ती किती वसूल झाली ते इतिहासकार बघतील. परतफेड कशी झाली ते मी सांगू शकतो. हिवाळ्यात नव्या गुळाचा संदेश निघाला की पहिला हप्ता. लाइटहाऊस नाहीतर ग्लोबमध्ये इंग्रजी पिक्चर, हा दुसरा. कॉलेज स्ट्रीटच्या फूटपाथवर वाचणार नाही हे माहीत असून घेतलेली जुनी पुस्तकं, हा तिसरा. मातीच्या मडक्यातलं मिष्टी दही तर व्याजात गेलं. घरी मनिऑर्डर, मेसचं बिल आणि धोबी वजा जाता उरलेल्या पगाराची चौथाई बंगालनं आमच्याकडून बिनबोभाट वसूल केली. तीही आम्ही स्वतः लोकलचं तिकीट काढून, शहरात नेऊन पोचवायचो. कुणी दरडावलं नाही, घोडे आणले नाहीत. जाताना उलट म्हणायचे, "आबार आसबेन." पुन्हा या. आणि आम्ही जायचो.

आता पेन्शनात निघालोय. बायको माहेरची जयसिंगपूरची, म्हणजे भडंगाच्या बाबतीत तिच्यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही. रविवारी दुपारी ती लसूण, शेंगदाणे घालून भडंग करते आणि मी त्यातलं वाटीभर बाजूला काढून वर कच्चं मोहरीचं तेल ओततो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तिनं बाटली उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवली. तेल डोक्याला लावायचं असतं, असं तिचं म्हणणं. आता तिनं नाद सोडलाय. पण मी ते बसून खात नाही, बाल्कनीच्या दाराला टेकून उभ्यानं खातो. बसून खाल्लं की चव येत नाही.

"काय तरी कमी पडतंय," मी म्हणतो.

"धक्के," बायको म्हणते, आणि वाळत घातलेले कपडे काढायला जाता जाता कोपरानं मला एक सणसणीत ढोसते. वाटीतले चार दाणे खाली सांडतात. ती मागे वळून विचारते, "आलं का बराकपूर?"

"टिटागढ गेलं. पुढचं आपलंच."